टॉय ब्रीडचं पिल्लू मोठं होताना: तुमचे अनुभव लिहा

रानफूल
टॉय ब्रीड म्हणजे अगदी छोट्या चणीच्या कुत्र्यांच्या जाती. चिवावा, पॉम (पॉमेरेनियन), यॉर्की (यॉर्कशायर टेरिअर), माल्टीज, टॉय पूडल, पॅपिलॉन, मिनिएचर पिन्शर, यातलं कुणीही ज्यांच्या घरी पिल्लू म्हणून आलं आणि आता मोठं झालंय त्यांनी इथे लिहा. पिल्लांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक मोठ्या कुत्र्यांच्या हिशोबाने लिहिलेलं असतं, ते आपल्या पिल्लाला लावलं की गोंधळ होतो. लॅब ६ महिन्यांचा असताना नुसता आडवातिडवा वाढत असतो, पुढे वर्षभर तरी भरत राहतो. आपलं दीड-दोन किलोचं बाळ तोवर उंचीला जवळपास पूर्ण झालेलं असतं आणि ८ ते १२ महिन्यांत मोठ्यात जमा. म्हणजे दात, केस, हाडं, माज, स्वभाव, सगळं एका वर्षात कोंबलेलं. त्या वर्षात काय काय दिसलं, कशाने घाबरलात, कशाचा उपयोग झाला ते मोकळेपणी लिहा, वजनाचे आकडे असतील तर द्याच. औषधाचे डोस मात्र कुणी लिहू नका, किलोभराच्या जिवाला थेंबभर जास्त झालं तरी खूप होतं, ते व्हेटवर सोडू.

निवांत
आमची चिमी, चिवावा, आता ५ वर्षांची आणि २.३ किलो. घरी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. व्हेटनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हिच्या लसींइतकंच हिच्या जेवणाच्या वेळांकडे लक्ष द्या, एकही वेळ चुकता कामा नये. तेव्हा ते जरा जास्तीचं वाटलं होतं. मग एक दिवस घरात लहान मुलं आली होती, ही त्यांच्यात खूप खेळली, खाल्लं नाही, तशीच झोपली, आणि उठली ती झोकांड्या खात. मान खाली, डोळे कुठेतरीच, हिरड्या पांढुरक्या. रक्तातली साखर उतरली होती. या पिल्लांच्या लिव्हरमधे साखरेचा साठा इतकासाच असतो, स्नायू नाहीत, अंगातली ऊब भराभर जाते, त्यामुळे उपास, थंडी किंवा दमणूक यातलं काहीही पुरतं. व्हेटनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे बोटाला मध लावून हिरड्यांना चोळला (पिल्लू शुद्धीवर नसेल तर तोंडात पातळ काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं), गरम कपड्यात गुंडाळलं आणि तसंच दवाखान्यात. वाटेतच डोळे उघडून बघायला लागली होती, तरी नेलंच, कारण मधाने मिळतो तो थोडा वेळच. त्यानंतर ४ महिन्यांची होईपर्यंत दिवसातून ५ वेळा थोडं थोडं, रात्री झोपायच्या आधीचं तर हमखास. पुढे ३ वेळा. आता २ वेळा खाते आणि ठणठणीत आहे.

अजून एक, टाळू. आपल्या बाळांची असते तशी हिलाही डोक्यावर मऊ जागा होती. चिवावांमधे ही बऱ्याचदा असते, काहींची वर्षाच्या आत भरते आणि काहींची जन्मभर थोडी उघडी राहते. नुसती टाळू उघडी म्हणजे मेंदूत पाणी असं नाही. पण डोकं खूप फुगीर, डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले, पिल्लू गोल गोल फिरतंय किंवा काहीच शिकत नाहीये असं असेल तर थांबू नका. चिमीची जवळजवळ भरली, अजून बोटाला छोटा खळगा लागतो. त्यामुळे मुलांना एकच नियम, तिच्याशी खेळायचं ते जमिनीवर बसून.

भुईचाफा
पॉमवाल्यांनी हे नक्की वाचा कारण मी त्या दिवसांत दुसऱ्या कुणाचा असा अनुभव शोधत होते. ३ महिन्यांचा आमचा गबरू म्हणजे नुसता कापसाचा गोळा, ५व्या महिन्यात तोंडावरचे केस गेले, मग पायांवरचे, शेपटीचा पिसारा गेला, कान मोठे दिसायला लागले आणि जो तो विचारायला लागला की याला खरूज झालीय का, तुम्ही नीट खायला घालत नाही का. पॉममधे हे होतंच. पिल्लाचे मऊ केस गळून मोठेपणाचा दुहेरी कोट येतो, आत दाट लव आणि बाहेर लांब ताठ केस, आणि मधले काही महिने पॉम पॉमसारखा दिसतच नाही. साधारण चौथ्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत कधीही सुरू होतं आणि पूर्ण कोट भरायला दुसरं वर्ष उजाडतं, काहींचा तिसऱ्यातही भरतो.

खाज, लाली, खपल्या, वास, गोल चट्टे यातलं काही असेल तर मात्र ते केस बदलणं नाही, त्वचा दाखवा. गबरूला यातलं काही नव्हतं, तरी आम्ही एकदा दाखवून खात्री करून घेतली आणि मग निर्धास्त राहिलो. आणि मनापासून सांगते, त्या काळात कुणी कितीही म्हणू दे की एकदा मशीन फिरवा म्हणजे दाट येतील, फिरवू नका. पॉमचे केस मुळापासून भादरले तर कधी कधी परत नीट येतच नाहीत, टकलाचे चट्टे राहतात. रोज हलक्या हाताने ब्रश करा, बस. गबरू दोन वर्षांचा झाला तेव्हा मानेभोवतीची आयाळ आली, आणि रंगही बदलला बरं का, पिल्लू असताना करडट होता तो आता चांगला केशरी आहे.

कवडसा
रंगाचं निघालं म्हणून. यॉर्की जन्मतो काळा आणि तपकिरी. आमच्या बंड्याच्या डोक्यावरचं काळं आधी उतरलं, मग पाठीवर मुळाशी पोलादी झाक दिसायला लागली, पूर्ण व्हायला तिसरं वर्ष लागलं.
कानांचं सांगायचं तर उभे राहिले, दात येताना परत पडले, एक उभा एक आडवा असे बरेच दिवस, मग आपोआप उभे. व्हेट म्हणाले कानावरचे केस टोकाशी बारीक कापा, वजन कमी होतं.
दात मात्र बघत राहा. दुधाचे २८ असतात आणि पक्के ४२, साधारण चौथ्या महिन्यात पडायला लागतात आणि ७व्यापर्यंत सगळे पक्के हवेत. टॉय ब्रीडमधे दुधाचे सुळे बऱ्याचदा पडतच नाहीत आणि नवा सुळा शेजारी येऊन बसतो. बंड्याचे वरचे दोन्ही तसेच. एका जागी दोन दात असले की मधे अन्न अडकतं, हिरडी बिघडते, नवा दात वाकडा जातो. नसबंदीच्या वेळी एकाच भुलीत ते काढून टाकले.

रानफूल
कवडसा, हे फार कामाचं लिहिलंत. आमच्याकडेही सुळे राहिले होते. वरच्या सगळ्या प्रतिक्रियांसारखं लिहा मंडळी, काय दिसलं आणि पुढे काय झालं.

अनाहत
टॉय पूडल, नाव जिलबी, वय ४ वर्षं. साडेपाच महिन्यांची असताना सोफ्यावरून उडी मारली, नेहमी मारायची तशीच, आणि पुढचा पाय मोडला. मनगटाच्या जरा वर, दोन्ही हाडं. सर्जननी एक्स-रे दाखवून समजावलं की या जातींची पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीहून बारीक असतात आणि नेमकं मनगटाजवळ रक्तपुरवठा कमी, म्हणून नुसत्या प्लास्टरने बऱ्याचदा नीट जुळत नाही. प्लेट टाकली. त्यानंतरचे आठवडे फार जड गेले, त्या वयाच्या पिल्लाला पिंजऱ्यात शांत ठेवायचं म्हणजे कठीणच, आम्ही घरातले आळीपाळीने तिच्याशेजारी जमिनीवर झोपायचो. आज ती व्यवस्थित धावते. पण घर बदललं, सोफ्याला आणि पलंगाला उतार लावलेत, गुळगुळीत फरशीवर रबरी चटया आहेत, आणि कडेवर घेतलं तर खाली बसून चारही पाय टेकेपर्यंत हात सोडायचा नाही. हे मोडायचं प्रमाण वाढत्या वयात जास्त, कारण उत्साह मोठ्या कुत्र्याचा आणि हाडं अजून कोवळी.

त्यात भर म्हणजे गुडघ्याची वाटी सरकणं. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडीसारखी टाकायची आणि परत जणू काही झालंच नाही. बघणाऱ्याला गोड वाटतं. तो व्हिडिओ काढून व्हेटना दाखवा कारण दवाखान्यात गेल्यावर ही मंडळी हटकून सरळ चालतात. त्याच्या ४ पायऱ्या असतात, जिलबीची पहिली आहे, वाटी हाताने ढकलली तर सरकते आणि आपली आपण जागेवर येते. तिला ऑपरेशन लागलं नाही, वजन ताब्यात ठेवणं आणि रोज सपाट रस्त्यावर चालवणं एवढंच चालू आहे.

गोधडी
लंगडण्यावरून एक सांगतो, प्रत्येक वेळी वाटीच असेल असं नाही. आमचा पिन्शर ७ महिन्यांचा असताना मागच्या एका पायाने हळूहळू लंगडायला लागला, त्या बाजूची मांडी बारीक झाली, पाय मागे ताणला की कळवळायचा. एक्स-रेत कळलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजत चाललाय. पर्थेस म्हणतात त्याला, टॉय आणि छोट्या टेरिअरमधे ५ ते ८ महिन्यांच्या सुमारास दिसतो. तो गोळाच काढून टाकतात, हे ऐकून आम्ही हादरलो होतो, पण हलक्या कुत्र्याला तिथले स्नायूच सांध्यासारखं धरून ठेवतात. आता पळताना ओळखूही येत नाही. फिजिओ मात्र नेमाने करून घ्यावी लागली.

चांदणवेल
माल्टीज मुलगी, ६ वर्षांची, ३ किलो. पहिल्यांदा हीटवर (माजावर) आली ती ७ महिन्यांची असताना. इतक्या छोट्या अंगात ते कळायलाही वेळ लागतो, ही स्वतःला सारखी चाटून साफ ठेवायची, सुजलेलं दिसलं म्हणून लक्षात आलं. दोन-तीन आठवडे चालतं, आणि डाग दिसायचे कमी झाले की संपलं असं मुळीच नाही, उलट तेव्हाच गर्भ राहायची शक्यता जास्त. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी खोटी गर्भावस्था, स्तनात दूध, खेळणं तोंडात धरून कोपऱ्यात बसणं. तेव्हा तिच्याकडे बघून वाईट वाटायचं. ओळखीच्यांनी आग्रह केला की एकदा पिल्लं होऊ द्या, मग ऑपरेशन करा. आम्ही ठाम नाही म्हटलं आणि मला तो निर्णय आजही पटतो. या चणीच्या मादीला पिल्लं अडकतात, सिझेरियन लागतं, आणि पहिल्या हीटला ती स्वतःच लहान असते. ऑपरेशन न झालेल्या मादीला पुढे वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

ज्यांच्याकडे मुलगे आहेत त्यांनी दोन्ही अंडकोष उतरलेत का हे सहाव्या महिन्यापर्यंत नक्की तपासून घ्या. टॉय ब्रीडमधे एक पोटात राहणं बरंच होतं आणि तो तसाच सोडला तर पुढे गाठ व्हायची भीती.

केसांचं एकच सांगते. माल्टीजला आतली लव नसते त्यामुळे फारसे गळत नाहीत, पण वर्षाच्या आसपास केसांचा पोत बदलतो आणि तेव्हा काखेत, कानामागे रोज जटा. आम्ही सरळ छोटे ठेवतो.

धूळपाटी
टीकप (कपात मावेल एवढं पिल्लू) म्हणून जे सांगतात त्यावर कुणीच लिहिलं नाही. अशी कुठली वेगळी जात नाही, कुठलाही केनल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) ती मानत नाही. एकतर पिल्लू नेहमीपेक्षा लहान राहिलेलं असतं, नाहीतर वय वाढवून सांगितलेलं आणि आईपासून फार लवकर तोडलेलं. आमच्या पॅपिलॉनला इतकाच राहील असं छातीठोक सांगितलं होतं, तो आता ४ किलो आहे आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे.
वजनाचा अंदाज हवा असेल तर टॉय पिल्लू साधारण ४ महिन्यांचं असताना मोठेपणीच्या निम्म्याच्या आसपास असतं. नुसता अंदाज, आईबापांचं वजन बघणं जास्त भरवशाचं.

ओसरी
मी जनुकशास्त्र शिकवते म्हणून एवढी भर घालते. कुत्र्यांच्या लहान चणीमागे आयजीएफ-१ या जनुकाचा मोठा हात आहे हे २००७ साली समोर आलं, आणि २०२२ मधे कळलं की लहान चणीचा तो बदल माणसाने घडवलेला नाही, ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही तो होता. आपण तो निवडत निवडत इथवर आणला. पॉम तर फार अलीकडे इतके लहान झाले, व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून आणलेला मार्को हल्लीच्या पॉमच्या दुपटीएवढा होता. शरीर आपण एवढं छोटं केलंय तर त्याची काळजीही आपणच घ्यायची, असं मला वाटतं.

पाणंद
सगळ्यांनी शरीराचं लिहिलं, मी स्वभावाचं लिहितो. ३ ते १४ आठवडे हा पिल्लाचा जग ओळखायचा काळ, आणि टॉय पिल्लं नेमकी त्याच काळात सतत कडेवर असतात. लसी पूर्ण व्हायला १६ आठवडे लागतात, तोवर रस्त्यावर सोडायचं नाही हे बरोबरच, पण म्हणून घरात बंद ठेवायचं नाही. आम्ही आमच्या यॉर्कीला झोळीत घालून सगळीकडे नेलं, गाड्यांचे आवाज, छत्र्या, टोपीवाले, काठीवाले, सगळं लांबून दाखवलं, लस झालेल्या ओळखीच्या शांत कुत्र्यांशी गाठ घालून दिली. ८व्या-९व्या महिन्यात एकदम बुजरी झाली, रोजच्याच कचऱ्याच्या डब्यावर भुंकायला लागली, वयात येताना असं होतं म्हणतात. तेव्हा उचलून घ्यायचं नाही, आपण शांत उभं राहायचं आणि तिला वेळ द्यायचा. दीड वर्षाला निवळली. शू कुठे करायची ते शिकायलाही असाच वेळ लागतो, मूत्राशयच एवढंसं, वर्ष लागलं तरी रागावू नका.
आणि गळ्यात पट्टा नको, पहिल्यापासून छातीचा हार्नेस घाला. या जातींची श्वासनलिका नाजूक असते, ओढल्यावर बदक ओरडल्यासारखा खोकला येत असेल तर दाखवा.

निवांत
पाणंद, हार्नेसला शंभर टक्के. एक विचारायचं राहिलं, मोठ्या कुत्र्याच्या खाण्यावर तुम्ही सगळ्यांनी कधी आणलं? आमच्या व्हेटनी १० महिन्यांना हळूहळू आठवडाभर मिसळत बदलायला सांगितलं होतं.

भुईचाफा
आम्हीही वर्षाच्या आतच. नंतर पपी फूड चालू ठेवलं तर या चणीला पटकन चरबी चढते. २०० ग्रॅम वाढले तरी अडीच किलोच्या कुत्र्याला ते खूप असतं, त्यामुळे काट्यापेक्षा बरगड्यांवरून हात फिरवून बघते, लागल्या पाहिजेत पण दिसायला नकोत. आणि दात घासायची सवय पपी असतानाच लावा, यांच्या छोट्या जबड्यात दाटी असते, तिसऱ्या वर्षापर्यंत हिरड्या बिघडलेले कितीतरी बघितलेत. गबरूला बोटावर घालायच्या ब्रशने सुरुवात केली होती, कुत्र्यांचीच पेस्ट, माणसांची अजिबात नको. रोज रात्री, आता तो स्वतःच येऊन बसतो.