मदत हवी आहे: डिप्लोमाच्या मुलांना सौर-पवनच्या कामासाठी हाताने काय शिकवावं? (सातारा)

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रिकल शिकवते. शेवटच्या वर्षाच्या अपारंपरिक ऊर्जेच्या विषयाची प्रात्यक्षिकं नव्याने बसवायची मोकळीक यंदा मिळाली आहे. पैसे मात्र जवळपास नाहीतच. या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांकडून सल्ला हवा आहे.

आमच्या लॅबमध्ये इंडक्शन मोटर, ट्रान्सफॉर्मर सगळं जागच्या जागी आहे. सौरऊर्जेच्या नावाने मात्र एक किट आहे, बल्बखाली वीतभर पॅनेल. त्यावर मुलं आलेख काढतात आणि पास होतात. मागच्या सत्रात त्यांना जवळच्याच एका घराच्या गच्चीवर नेलं. सिस्टीम 3 किलोवॅटची होती आणि दुपारनंतर वीज एकदम कमी व्हायची. सगळे इन्व्हर्टरला दोष देत होते. एक मुलगी मात्र पॅनेलच्या ओळीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, टाकीची सावली त्या कोपऱ्यातल्या पॅनेलवर येतेय." पॅनेल एकामागोमाग जोडलेली असतात, एकावर सावली आली की साऱ्या ओळीला फटका बसतो, सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारा बायपास डायोड कशासाठी असतो, हे सगळं तिथे दहा मिनिटांत समजलं. वर्गात त्यावर माझे दोन तास गेले होते.

आपल्याकडे खरं तर सगळं दाराशी आहे. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. कोयना प्रकल्प सगळे टप्पे धरून 1960 मेगावॅटच्या घरात आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, तेव्हापासून गावोगावी गच्च्यांवर पॅनेल चढताहेत. शेतीच्या फीडरसाठी (पंपांना वीज नेणाऱ्या लाइनसाठी) सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभे राहताहेत. देशाने 2030 पर्यंत 500 गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचं उद्दिष्ट ठेवलंय, ते सांभाळायला माणसं लागणारच. पाटण-जावळीची पोरं मात्र डिप्लोमा हातात पडला की चाकणची गाडी धरतात. यातली दहा जरी इथे, या कामात, चांगल्या पगारावर टिकली तर मला हवं आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पवनचक्कीच्या साइटवर मुलांना कधी आणि काय बघायला न्यावं? मुलींनाही नेणार आहे, हे आधीच सांगते. जुनी, कमी क्षमतेची यंत्रं काढून मोठी बसवण्याचं केंद्राचं धोरण 2023 मध्ये आलं, तर उतरवलेल्या यंत्रांचे भाग शिकवण्यासाठी मिळू शकतील का? आणि तिसरी, मला सगळ्यात जास्त भीती वाटणारी: डीसीची, म्हणजे पॅनेलमधून येणाऱ्या एकाच दिशेच्या प्रवाहाची, सुरक्षितता. उजेड आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाही, ओळीचा व्होल्टेज सहज काहीशे व्होल्टपर्यंत जातो, आणि लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर आर्क (न विझणारी मोठी ठिणगी) पडतो. हे पोरांना शिकवायचं कसं, त्यांना धोक्यात न घालता?

प्रतिसाद १ (पाटण, पवनचक्की मेंटेनन्स)

मॅडम, पहिलं सांगतो, पावसाळ्यात आणू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे जून ते ऑगस्ट आमची सगळी कमाई. तेव्हा यंत्र उघडायला कोणी देत नाही. दिवाळीनंतर वारं पडलं की मोठी देखभाल निघते, तेव्हा गिअरबॉक्स, ब्रेक, पिचची (पात्यांचा कोन बदलणारी) यंत्रणा उघडी बघायला मिळते.

वर चढायचा हट्ट नको. उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण आणि मेडिकल असल्याशिवाय चढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खालच्या कंट्रोल रूममध्ये स्काडासमोर (सगळ्या यंत्रांची माहिती दाखवणाऱ्या संगणकासमोर) एक दिवस बसवा. अलार्म आला की तो सेन्सरचा, केबलचा की खरोखर यंत्राचा, हे ओळखता येणारा पोरगा आम्हाला मिळत नाही. पोरगी असेल तरी तेच. पीएलसीचं (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचं) लॉजिक वाचता आलं पाहिजे, तेवढं पक्कं करून घ्या. जुन्या भागांसाठी साइट मॅनेजरना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

प्रतिसाद २ (सांगली, ऊर्जा लेखापरीक्षक)

ताई, वीजबिल वाचायला शिकवा. आमच्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत, कुपवाडच्या एमआयडीसीत कारखाने आहेत, सगळे सोलर बसवताहेत. उच्चदाब ग्राहकांना 2020 पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे किलोवॅट आणि मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राला लागणारी रिअॅक्टिव्ह शक्ती (केव्हीएआर) दोन्ही धरून. आता हे गणित मुलांना घाला: लोड 100 किलोवॅट, रिअॅक्टिव्ह 48 केव्हीएआर, पॉवर फॅक्टर (किलोवॅट भागिले केव्हीए) 0.9. सोलर 70 किलोवॅट देतंय. महावितरणकडून 30 किलोवॅटच घेतले, पण इन्व्हर्टर युनिटीवर, म्हणजे फक्त किलोवॅट देत, चालत असेल तर 48 केव्हीएआर तसेच राहिले. पॉवर फॅक्टर येतो 0.53. मालकाला वाटतं मागणी 111 वरून 30 केव्हीएवर येईल, येते ती 57 वर. मग तो म्हणतो सोलरवाल्याने फसवलं. केव्हीएआर पुरवणारी कपॅसिटर बँक नव्याने ठरवणं किंवा इन्व्हर्टरचं सेटिंग बदलणं, हे ज्याला सुचतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही.

डीसीसाठी एकच पॅनेल घ्या. उघड्या टोकांवर व्होल्टेज साधारण पन्नासच्या आसपासच राहतो. त्यावर सवय लावा: आधी एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलची बाजू तोडणारा स्विच), मग मीटरने प्रवाह शून्य बघायचा, त्यानंतरच कनेक्टरला हात. हा क्रम तोंडपाठ नको, हातात बसला पाहिजे. आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारा) घेताना डीसी प्रवाह मोजणारा आहे ना ते बघा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पॉवर फॅक्टरचं उदाहरण पहिल्याच आठवड्यात घेते. दादा, पत्र याच आठवड्यात तयार करते, दिवाळीनंतरची तारीख धरून. लॅबमधला क्लॅम्प मीटर आत्ताच बघून आले, फक्त एसीच मोजतो. सांगली, मिरज किंवा कराडच्या बाजूला कोणाकडे डीसी मोजणारा वापरलेला पण चालू मीटर असेल, किंवा वाहतुकीत काच तडकलेलं पण वीज देणारं एखादं पॅनेल असेल, तर कृपया कळवा. न्यायला मी स्वतः येईन.