मदत हवी आहे : ॲम्बॅसेडर मार्क ४ – एक्झॉस्टच्या टॅपेटची फट मिटत जाते आणि टायमिंग चेनही वाजते, आधी काय उघडावे?

नमस्कार.

आमच्याकडे १९८६ सालची ॲम्बॅसेडर मार्क ४ आहे. इंजिन मूळचेच, १४८९ सीसीचे पेट्रोलवर चालणारे, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बी.एम.सी.) बी-मालिकेतील पुशरॉडचे (कॅमशाफ्ट खाली आणि तिथून सळयांनी व्हॉल्व्ह उघडणारे) इंजिन. गाडी सासऱ्यांनी इंदूरमध्येच घेतली होती. त्यांच्यानंतर ती मी सांभाळतो आणि ती चालती राहावी अशी घरातल्या सर्वांचीच इच्छा आहे. टॅपेट, प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर एवढी कामे मी स्वतः करतो. इंजिनाचे हेड किंवा पुढचे कव्हर मात्र आजवर उघडलेले नाही, म्हणूनच जाणकारांचा सल्ला हवा आहे.

तक्रारी दोन आहेत आणि त्या एकमेकींत गुंतल्या आहेत, अशी माझी शंका आहे. पहिली आवाजाची, म्हणजे टायमिंग चेनची (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी). थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या बाजूने, पुलीच्या मागून, साखळी घासल्यासारखा खळखळाट येतो आणि ऑइलचा दाब चढला की तो कमी होतो. इंजिन तापल्यावर आयडलला तो पुन्हा हलकासा ऐकू येतो आणि ॲक्सिलरेटर दिला की नाहीसा होतो. दुसरी तक्रार ताकदीची. सिमरोलच्या पुढे भेरूघाट चढताना पूर्वी जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सहज जायची, तिला आता दुसरा गिअर मागावा लागतो. सपाट रस्त्यावर, विशेषतः वेग असताना, फारसा फरक जाणवत नाही.

टॅपेटची फट, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली जागा, मी पुस्तिकेप्रमाणे ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मि.मी. ठेवतो. या हेडमध्ये पुढून मागे मोजले तर १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्टचे आणि २, ३, ६ व ७ हे इनलेटचे व्हॉल्व्ह आहेत. सेटिंग नऊच्या हिशेबाने करतो, म्हणजे उघडा व्हॉल्व्ह आणि लावायचा व्हॉल्व्ह यांच्या क्रमांकांची बेरीज नऊ : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असताना पहिला, सहावा उघडा असताना तिसरा, चौथा उघडा असताना पाचवा, याप्रमाणे. सहा व्हॉल्व्हची फट बराच काळ टिकते. मात्र ४ आणि ५ क्रमांकांची फट दर वेळी कमी झालेली सापडते. फट वाढली असती तर मी रॉकर, पुशरॉड किंवा कॅमची झीज समजलो असतो, पण ती कमी होत असेल तर व्हॉल्व्हच सीटमध्ये (मिटल्यावर तो हेडच्या ज्या कडेवर टेकतो तीत) आत बसत चालला आहे, असाच अर्थ निघतो. भारतात १ फेब्रुवारी २०००पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळते, आणि हे हेड शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले, साध्या बिडाच्या सीटचे आहे. शिशाचा जो पातळ थर सीटला झिजेपासून वाचवत असे, तो आता नाही. शिवाय ४ आणि ५ हे दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडच्या मध्यभागी शेजारी शेजारी असून त्यांचा पोर्ट एकच आहे, त्यामुळे सर्वांत जास्त उष्णता त्यांच्याच वाट्याला येते.

माझ्या नेहमीच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की सगळी फट ०.०१० इंचावर आणावी, म्हणजे इंजिन शांत होईल. त्यांचा अनुभव मोठा आहे आणि मी त्यांना मानतो, परंतु हा सल्ला मला पटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता मिटलेल्या अवस्थेत, सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. आधीच फट मिटवणाऱ्या व्हॉल्व्हची फट आपण आणखी कमी केली, तर तो सीटला पुरता टेकणार नाही, त्याची कड जळेल आणि आवाज कमी झाल्यामुळे ते आपल्याला कळणारही नाही.

टॅपेट लावल्यानंतर, इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजले. पहिल्या सिलिंडरला दर चौरस इंचाला १०५ पौंड, दुसऱ्याला ८२, तिसऱ्याला ८५ आणि चौथ्याला १०८ पौंड मिळाले. टायमिंग लाइट लावली तर पुलीवरची खाच आयडलला कव्हरवरच्या काट्यापाशी स्थिर राहत नाही, मागेपुढे नाचते. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून क्रँक पुढे फिरवला आणि मग हळूहळू उलटा फिरवला, तेव्हा रोटर हलू लागण्याआधी पुली बरीच सरकली.

माझे प्रश्न असे आहेत. चेन आणि दातेरी चक्रे बदलल्याने घाटातली ताकद परत येईल का, की तो सगळा दोष व्हॉल्व्हचा आहे? दोन्ही कामे एकदमच करावीत की आधी एक करून परिणाम पाहावा? आणि पुढचे कव्हर उघडताना या इंजिनात विशेष काय सांभाळावे लागते? या गाडीचे उत्पादन २०१४मध्ये थांबले असल्याने हाती आलेला सुटा भाग वाया घालवणे परवडणारे नाही.

प्रतिसाद, बडोदा :

आपण मोजून लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. बडोद्यात माझे इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप होते आणि ही इंजिने भरपूर हाताखालून गेली आहेत.

सर्वप्रथम कॉम्प्रेशनच्या आकड्यांविषयी. चेन ताणली गेली की कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो, इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर जातो; आपल्याला घाटात जे जाणवते त्याचा काही भाग निश्चितच हा आहे. परंतु चेनचा दोष चारही सिलिंडरांना सारखाच लागतो. आपले फक्त दुसरे आणि तिसरे सिलिंडर खाली आहे, म्हणजे तिथे वेगळा दोष आहे. तो व्हॉल्व्हचाच आहे असे मात्र लगेच धरू नका. शेजारची दोन सिलिंडरे एकदम कमी आली की त्यांच्या मधल्या जागी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) जळालेले असण्याचीही तेवढीच शक्यता असते, आणि याच जागी माणूस फसतो.

दोन्हींतला फरक हेड न काढता कळतो. दुसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची रॉकर हलवून खात्री करा, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा. शेजारच्या प्लगच्या भोकातून आली तर गॅस्केट. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून बुडबुडे येतात का तेही पाहा. तिसऱ्या सिलिंडरला हेच पुन्हा करा.

चेनच्या ढिलाईसाठी रोटरवर भरवसा ठेवू नका. डिस्ट्रिब्यूटर कॅमशाफ्टवरून फिरतो खरा, पण त्याच्या स्वतःच्या गिअरची आणि जोडणीची झीज त्या हालचालीत मिसळते. त्याऐवजी रॉकर कव्हर काढून पहिल्या व्हॉल्व्हचा रॉकर कधी हलू लागतो ते पाहा. तिथेही पुली तेवढीच सरकली तर दोष चेनचा. रॉकर लवकर हलला आणि रोटर मागे राहिला तर दोष डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूचा. व्हॅक्यूम गेज (इनलेट मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे) असेल तर तेही लावा, मात्र इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने तिथला काटा आमच्यापेक्षा जवळजवळ २ इंच (पाऱ्याचे) खाली दिसेल, तो दोष समजू नये. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे. ठरावीक लयीत झटके देत असेल तर व्हॉल्व्ह.

फटीबाबत आपलेच म्हणणे बरोबर आहे, ०.०१५ सोडू नका. रॉकरच्या टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हवर टेकतो, तिथे खळगा पडलेला असेल तर सपाट फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्या खळग्यावरून पूल टाकल्यासारखे आडवे बसते, गेज ०.०१५ सांगते आणि खरी फट त्याहून मोठी असते. मिस्त्रींना ऐकू येणारा टॅपेटचा आवाज बहुधा तिथला असावा. त्याला उपाय फट मिटवणे हा नाही, रॉकर घासून किंवा बदलून घेणे हा आहे. एक सावधगिरी बाळगा : रॉकर शाफ्टचे आधार ज्या नटांनी बसवलेले असतात त्यांतले काही नट हेडचेही आहेत, त्यामुळे शाफ्ट काढायचा असेल तर आधी पाणी काढून टाकावे आणि हेडचे सगळेच नट क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. नाहीतर हेड वाकते.

आता पुढचे कव्हर. रेडिएटर काढावाच लागतो. क्रँकच्या टोकाच्या नटाखाली वाकवलेले लॉक वॉशर असते, ते आधी सरळ करा आणि परत बसवताना नवे घाला. कव्हर निघाले की पुढे ऑइल थ्रोअरची (ऑइल सीलपासून दूर फेकणारी) तबकडी दिसेल. तिची कोणती बाजू पुढे होती याचा फोटो आधी काढून ठेवा, कारण ती उलटी बसली तर सीलमधून ऑइल गळते आणि सगळे पुन्हा उघडावे लागते. नंतर इंजिन असे फिरवा की दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर, दोन्ही शाफ्टच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर येतील. चेन अखंड आहे, म्हणून दोन्ही चक्रे चेनसकट, आळीपाळीने थोडी थोडी पुढे ओढून काढायची. क्रँकच्या चक्रामागे पातळ शिम (अंतर जुळवायच्या चकत्या) असतात, त्या हरवू देऊ नका. नवी चक्रे बसवल्यावर सरळ पट्टी लावून दोन्ही एकाच पातळीत आहेत का ते पाहा आणि लागल्यास शिम कमीजास्त करा. पातळी चुकली तर नवी चेनही बाजूने झिजेल.

जुनी चेन आडवी धरून तिचा झोल पाहिलात की तिचे आयुष्य कळेल. नवी घेताना ३/८ इंच पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधले अंतर) तपासा, कड्या मोजून जुळवा, आणि चेनसोबत दोन्ही चक्रे व टेन्शनर घ्या. आकड्यासारखे वाकलेले दात नवी चेन लवकर खातात. इंदूरमध्ये न मिळाल्यास कोलकात्याच्या मलिक बाजारात किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटला चौकशी करा.

नवी चेन पडल्यावर इग्निशन टायमिंग पुन्हा लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. आज डिस्ट्रिब्यूटर ढिल्या चेनच्या हिशेबाने लावलेला आहे; कॅमशाफ्ट आपल्या जागी परतला की स्पार्कही तेवढाच लवकर पडेल आणि घाटात इंजिन नॉक करेल.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. टायरवाल्यांकडचा कॉम्प्रेसर आणि जुन्या प्लगच्या कवचापासून लेथवर करून घेतलेला अडॅप्टर वापरून हवेची चाचणी केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही सिलिंडरांची हवा सायलेन्सरमधून स्पष्ट ऐकू आली. शेजारच्या भोकातून काही नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. रॉकरची चाचणीही केली आणि तिथेही पुली जवळजवळ तेवढीच सरकली. म्हणजे चेन आणि व्हॉल्व्ह असे दोन्ही दोष खरे आहेत, आणि पाणी व रेडिएटर काढायचेच असल्यामुळे दोन्ही कामे एकत्र करण्याचे ठरवले आहे. एकच विचारायचे राहिले : कठीण धातूच्या सीट फक्त ४ आणि ५ला बसवाव्यात की चारही एक्झॉस्टना?

प्रतिसाद, बडोदा :

चारही एक्झॉस्टना बसवा. १ आणि ८ त्याच बिडाच्या सीटवर त्याच पेट्रोलने चालले आहेत, फक्त त्यांना उष्णता कमी लागली. हेड मशीन शॉपमध्ये गेलेच आहे तर त्यांचा खर्च आता थोडा आहे, नंतर पूर्ण आहे. सीट ४५ अंशांवर कापून घ्या, व्हॉल्व्ह गाइडची ढिलाई तपासल्याशिवाय सीट कापू देऊ नका, कारण सैल गाइडवर कापलेली सीट व्हॉल्व्हशी एककेंद्री राहत नाही. इनलेटच्या सीट तशाच ठेवून व्हॉल्व्ह नुसते घासून घेतले तरी चालतील. हेड बसवल्यावर नट मध्यापासून बाहेर क्रमाने कसा, गाडी काही अंतर चालवून पुन्हा कसा, आणि त्यानंतर सगळ्या टॅपेटची फट नव्याने लावा. नट कसले की हेड किंचित खाली बसते आणि फट बदलते.