अनुभव धागा: नागरिकशास्त्र, मूल्यशिक्षण आणि "दहावीनंतर काय?"

आठवी_ब_च्या_बाई
परवा मतदानाला गेले. यादीत नाव सापडलं, पुढच्या टेबलाशी गेले तर शाई लावणारा मुलगा उठूनच उभा राहिला. "बाई, डाव्या हाताची तर्जनी." माझ्या आठवी ब मधला! आता झेडपीच्या शाळेत गुरुजी आहे. मागे रांग होती, बोलणं झालं नाही.

आमच्याकडे शालेय मंत्रिमंडळ म्हणजे वर्गशिक्षकांनी हुशार मुलांची नावं वाचून दाखवायची. त्या वर्षी मी हट्टाने गुप्त मतदान घेतलं. बुटांच्या खोक्याची मतपेटी, बोटाला जांभळं औषध. वर्गात हजर मुलं 61, पेटीतून चिठ्ठ्या निघाल्या 63. एकच कालवा! कोणी केलं ते मी शोधलं नाही. विचारलं, आता काय करायचं? त्यात गणिताचाही तास गेला. चिठ्ठीमागे बाईंची सही हवी, हजेरीपटावर खूण हवी, मोजताना दोन्हीकडची मुलं हवीत, सगळं मुलांनीच काढलं. फेरमतदानात 4 मतांनी एक मुलगी मुख्यमंत्री झाली. त्या दोन चिठ्ठ्यांनी जे शिकवलं ते माझ्या फळ्यावर कधी उमटलं नव्हतं.

तुमचेही अनुभव लिहा. शिकलेल्यांनी आणि शिकवणाऱ्यांनीसुद्धा.

रात्रपाळी
2019 ची दहावी. मोबाइल ॲपवर कलचाचणी. माझा कल आला गणवेशधारी सेवा. पप्पा दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठवून पळवायला लागले, पोलीस भरती म्हणून 😄 आज तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे. गणवेश आहेच की! पण एक खरं सांगते, तो कागद हातात दिल्यावर त्यावर बोलायला शाळेत कोणीच नव्हतं. एखाद्या बाईंनी दहा मिनिटं बसवून विचारलं असतं तर पप्पांशी दोन वर्षं भांडावं लागलं नसतं. बाकी नंतर लिहिते, राउंड आहे.

कोयनाकाठ
आमचे सर नववीच्या वर्गाला 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घेऊन गेले होते. मागे सतरंजीवर बसायचं आणि ऐकायचं, एवढंच ठरलं होतं. आमच्यातली एक उठली आणि म्हणाली, शाळेतल्या मुलींच्या संडासात पाणी नाही. सगळे गप्प. सरपंच म्हणाले बघू. ती खालीच बसेना, म्हणाली इतिवृत्तात लिहा. इतिवृत्त हा शब्द सरांनी आदल्याच दिवशी सांगितलेला! ग्रामसेवकांनी लिहिलं. दिवाळीनंतर नळ आला. अजून अंगावर काटा येतो.

भाकरीचंद्र
बाई, ती शाई भाकऱ्या थापून थापून पण जात नाही हो. नखावर तर महिना झाला.

कोयनाकाठ
नखावरची नख वाढेल तशीच जाणार ताई. सिल्व्हर नायट्रेट असतं त्यात, म्हैसूरला बनते.

भाकरीचंद्र
अगंबाई, म्हैसूर का. आम्ही मागच्या मे महिन्यात गेलो होतो, वृंदावन गार्डन बघितलं. धाग्याबद्दल नंतर लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

खडूफळा
सध्या शिकवतोय. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' आहे, पण श्रेणी विषय, म्हणजे टक्केवारीत धरत नाहीत. त्यामुळे जानेवारी उजाडला की तो तास विज्ञानवाले मागतात. मी देत नाही, वाईटपणा येतो तो येऊ दे. मागच्या वर्षी गावातल्या वायरमनला वर्गात बोलावलं. त्याने भाषण केलंच नाही, हिशोबाची वही उघडली. गणपती-दिवाळीला किती कमावले, पावसाळ्यात किती, उधारी किती बुडाली, मोटर भरायला कुठे शिकला. मुलं तासभर हलली नाहीत. शेवटच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, आयटीआयला किती टक्के लागतात? वर्षभरातला त्याचा पहिला प्रश्न. मार्गदर्शन म्हणून डॉक्टर-इंजिनिअरांचे फोटो लावणं आता बंद करा, हे मी कळवळून सांगतोय.

आठवी_ब_च्या_बाई
@खडूफळा, तुमचं वाचून गप्प झाले. माझ्याकडे एक मुलगा होता, सायकल, पंखा, शाळेची घंटा, काहीही दुरुस्त करायचा. 78 टक्के पडले. त्याला आयटीआयच करायचं होतं. मी त्याच्या घरी जाऊन आईला सांगितलं, सायन्सलाच घाला. बारावीत दोनदा नापास झाला. पुढे सावरला, स्वतःचं गॅरेज आहे, पण मधली ती चार वर्षं माझ्या शब्दावर गेली. भेटला की अजून पाया पडतो. मला ते सहन होत नाही.

रात्रपाळी
बाई, तुम्ही घरापर्यंत गेलात. आमच्याकडे कोणी आलंच नाही. जीवाला लावून घेऊ नका ❤️

खडूफळा
त्यालाच वर्गात बोलवा बाई. तुम्ही निवृत्त असाल तर माझ्या वर्गात पाठवा.

आठवी_ब_च्या_बाई
विचारते त्याला. रविवारी गॅरेज बंद असतं, तेव्हा जाते.

कोयनाकाठ
आणि बाई, तो शाईवाला? उमेदवार होता का तेव्हा?

आठवी_ब_च्या_बाई
नाही रे. फेरमतदानाला हजेरीपटावर खुणा करायला बसला होता तो. मधल्या सुट्टीत डबासुद्धा खाल्ला नव्हता.