पाळीच्या दिवसांत शाळा का बुडते? तुमचे अनुभव लिहा

मुंबईत पॅड कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं, तरी मुलींच्या दांड्या होतातच. तुमच्या घरी, वस्तीत, शाळेत नेमकं कुठे अडतं? आणि कशाने फरक पडला? वडिलांनीही लिहा.

शिक्षिका, गोवंडी
आमच्याकडे मुली सकाळी यायच्या आणि मधल्या सुट्टीत "बाई, पोटात दुखतंय" म्हणून घरी जायच्या. शौचालयाला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने दार धरून उभं राहायचं. डबा नसल्याने वापरलेलं पॅड दप्तरातून घरी न्यायचं. पॅड शाळेत होते, पण ऑफिसच्या कपाटात, सरांसमोर वहीत सही करून घ्यायचे. कोण जाणार? आम्ही कडी लावली, झाकणाचा डबा ठेवला, बादली भरून ठेवायला सुरुवात केली, पॅड गुंडाळायला जुन्या पेपरचे तुकडे खिळ्याला अडकवले. पॅड आत फळीवर ठेवले. सही बंद. मावशींना हातमोजे दिले, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आता पोटदुखीवाल्या बऱ्याच जणी शेवटच्या तासापर्यंत थांबतात. ज्यांना खरंच सहन होत नाही त्यांना घरी सोडतो, डॉक्टरकडेही न्यायला सांगतो.

रिक्षाचालक, मानखुर्द
मुलीची आई गावी असते, त्यामुळे पॅड मीच आणतो. जनऔषधी केंद्रात 2019 पासून एक रुपयाला एक मिळतं. गावी पुतणीला जिल्हा परिषदेच्या शाळेत अस्मिता योजनेतून 5 रुपयांत 8 मिळायचे. ती योजना इथल्या मुलींसाठी नव्हती. दुकानात आधी लाज वाटायची, आता नाही. पण वस्तीतल्या संडासाला पाणी नसतं, त्याला मी काय करू?

कॉलेजात आहे, कुर्ला
आठवीपासून पांढरी सलवार. त्या चार दिवसांत माझं लक्ष फळ्यापेक्षा मागे डाग पडलाय का याकडेच. गणवेशाचा रंग ठरवताना एखाद्या मुलीला विचारा हो!

आजी, लालबाग
आम्ही कापडच वापरलं. कापड वाईट नाही, पण साबणाने धुवून कडक उन्हात वाळायला हवं. चाळीत ते दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालायचं. पावसाळ्यात तर ओलंच राहायचं, मग खाज, पुरळ. नातीला मी सांगते, दोरीवर सरळ टाक.

कचरा वर्गीकरण करते, देवनार
ओल्या कचऱ्यात उघडी पॅड येतात आणि ती आम्ही हाताने काढतो. 2016 च्या घनकचरा नियमांपासून सांगितलंय, नीट गुंडाळून, ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं. शाळेत मुलींना पॅड कसं वापरायचं ते शिकवता, गुंडाळायचं कसं तेही शिकवा.

पालक, धारावी
गोवंडीच्या बाई, कडी आणि डब्यासाठी परवानगी कोणाची घेतली?

शिक्षिका, गोवंडी
ताई, शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीला जा, शौचालयाची पाहणी तिथल्या तिथे करायला लावा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.