सत्तरीच्या आसपास आहारात नेमकं काय वाढवावं? सल्ला हवाय

मृद्गंध७
आईबाबा दोघंही सत्तरीला टेकलेत. आईचं खाणं हल्ली चिमणीएवढं झालंय, जिना चढताना दमते. नातेवाईक रोज नवं काहीतरी सुचवतात: कोलॅजेनची पावडर, ओमेगा-३, अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या. 'फंक्शनल फूड' (पोषणापलीकडे आरोग्याला फायदा देणारं खाणं) म्हटलं की काहीही खपतं की काय? यातलं खरंच उपयोगाचं काय? बाबांना वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणूनचं औषध) चालू आहे.

धान्यकूट
आधी आईची प्रथिनं मोजा, बाकीचं नंतर. पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. बहुतेकांचं सगळं प्रथिन एकाच जेवणात जातं आणि नाश्ता कोरडाच राहतो. अंडं, दूध, दही, डाळी, मासे, जे चालत असेल ते तिन्ही वेळी थोडं थोडं द्या. पण नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत. खुर्चीतून हात न टेकता उठबस करणं हासुद्धा व्यायामच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे आकडे लावू नका, डॉक्टरांना विचारा.

कोलॅजेन म्हणाल तर त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) नाही आणि ल्यूसिन हे दुसरं कमी. स्नायूंसाठी दूध-अंडी बरी.

शंकेखोर
फंक्शनल फूड ही कल्पना जपानची, १९८० च्या दशकातली. १९९१ पासून तिथे अशा पदार्थांना सरकारी मान्यता घेण्याची सोय आहे. सगळंच थोतांड नाही. ओट्स किंवा जवातलं बीटा-ग्लुकन (विरघळणारा तंतू) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) थोडं उतरतं, याला चांगला पुरावा आहे.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं मात्र वेगळं. नव्वदच्या दशकात धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळ्यांतून दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. तेच गाजरातून खाल्लं तर कुणाचं काही बिघडत नाही.

मृद्गंध७
धन्यवाद! आईला मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) बरीच वर्षं चालू आहे, हे लिहायचं राहिलं.

औषधपेटी
मग बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, आजच सांगतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. शिवाय वयाबरोबर अन्नातलं बी१२ सुटं करणारं जठरातलं आम्लही अनेकांत घटतं. थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा हे सगळं 'वयामुळे' म्हणून सोडून दिलं जातं.

बाबांच्या पालेभाज्या बंद करू नका. त्यातलं के जीवनसत्त्व वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं, म्हणून प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. एकदम वाढवलं किंवा तोडलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) हलतो. ओमेगा-३, लसूण किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

सुगरण_नसलेली
एकेका पदार्थापेक्षा ताटाकडे बघा. स्पेनमधल्या 'प्रेडिमेड' अभ्यासात ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्यासह भूमध्यसागरी आहार घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसले.

शंकेखोर
@सुगरण, २०१३ चा तो निबंध सहभागींच्या गटवाटणीतल्या त्रुटींमुळे मागे घेऊन २०१८ मध्ये पुन्हा छापला होता. निष्कर्ष जवळपास तोच राहिला, पण हे माहीत असलेलं बरं.

मृद्गंध७
आईला सकाळी भूकच नसते. प्रथिनं घालू कशात?

धान्यकूट
आधी विचारा, चावताना दुखतं का? कवळी सैल असली की माणसं मऊ, पिठूळ खाण्यावर येतात आणि सांगत नाहीत. लापशी दुधात शिजवा, वरून दाण्यांचं कूट घाला. आणि वजन आपोआप उतरत असेल तर पाककृती शोधत बसू नका, आधी दवाखाना गाठा.