साक्षीदारांचे जबाब जुळले नाहीत, म्हणून जन्मठेप रद्द व्हावी का?

पेठकर

नऊ वर्षांपूर्वी आमच्या वाड्याच्या दारात एका तरुणाचा खून झाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत होतो, समोरच्या घरातल्या काकू त्यांच्या खिडकीत. दोघांनीही पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात जाऊन साक्ष दिली. सेशन्सला आरोपीला जन्मठेप लागली. गेल्या महिन्यात हायकोर्टानं अपिलात त्याला सोडून दिलं. मुख्य कारण हे, की डोळ्यांनी पाहणारे दोन्ही साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत.

काय जुळलं नाही ते सांगतो. मी कोयता म्हणालो, काकू सुरा म्हणाल्या. मी म्हणालो तो आधी पायरीवर कोसळला, मग वार झाले. काकूंच्या मते पहिला वार उभ्यानंच झाला. पळताना मला दोघं दिसले, काकूंना एकच. शिवाय मी कोर्टात सांगितलं की कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दिव्याचा उजेड होता, आणि ते माझ्या पोलिस जबाबात नव्हतं.

मला हा निकाल पटलेला नाही. खाली माणूस ओरडतोय, आपले हातपाय गार पडलेत, अशा वेळी कोण मोजमाप घेत बसतं? सुप्रीम कोर्टानंच १९८३ मध्ये भरवाडा भोगीनभाई हिरजीभाईच्या खटल्यात सांगितलंय, की साक्षीदाराच्या स्मरणशक्तीकडून व्हिडिओ टेपची अपेक्षा ठेवता येत नाही आणि किरकोळ विसंगतींना नको तेवढं महत्त्व देऊ नये. आमचे जबाब शब्दाला शब्द जुळले असते, तर मला जास्त भीती वाटली असती. जुळवलेले जबाबच तसे जुळतात. चेहऱ्याबद्दल आम्हा दोघांचंही एकमत होतं, आणि खटल्यात महत्त्वाचं तेच होतं ना?

काळा कोट

पेठकर साहेब, तुमच्या मनःस्थितीचा आदर ठेवून लिहितोय. मी अपिलांची कामं करतो. तुमचा खटला माझ्याकडे नव्हता.

कोयता की सुरा, एक की दोन, यावर कुठलंही शहाणं कोर्ट जन्मठेप उलटवणार नाही. शवविच्छेदनाच्या जखमा दोन्हींशी जुळत असतील तर तो विषय तिथंच संपतो. पण उजेडाचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकलात, आणि सगळी केस नेमकी तिथं अडकते. दुसऱ्या मजल्यावरून, रात्री साडेअकराला, चेहरा ओळखला म्हणता तर कशाच्या उजेडात ओळखला? पोलिसांकडे दिलेल्या जबाबात दिवा नाही आणि कोर्टात दिवा आला, याला आम्ही ओमिशन म्हणतो. ज्या गोष्टीवर ओळख उभी आहे तीच राहून गेली असेल, तर कायद्यानं ती विसंगती धरता येते.

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. शरद बिरधीचंद सारडा खटला. जून १९८२ मध्ये लग्नाला चार महिने झालेल्या एका मुलीचा सायनाईडनं मृत्यू झाला. नवऱ्याला पुण्याच्या सेशन्स कोर्टानं फाशी सुनावली, हायकोर्टानं ती कायम केली. तिनं माहेरी आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, नातेवाइकांच्या साक्षी, सगळं होतं. १७ जुलै १९८४ ला सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. त्याच कागदांवरून आत्महत्येचीही शक्यता दिसते, असं न्यायमूर्ती म्हणाले. 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' यांतलं अंतर पुराव्यानं भरून निघालं पाहिजे, ही त्या निकालातली अट आज देशभर लागू होते. तिथं पुरावा परिस्थितिजन्य होता आणि तुमच्याकडे प्रत्यक्षदर्शी आहेत, हा फरक मी मान्य करतो. पण दोन कोर्टांना खात्री वाटली म्हणून फाशी झाली असती, तर आज आपण काय म्हणालो असतो?

बिबवेवाडी ९२

वकीलसाहेब, 'असू शकेल' आणि 'असलंच पाहिजे' हे शब्द मुळात १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे निकालातले आहेत, सारडा खटल्यात ते तिथूनच घेतले. त्या बोबडे निकालात पुढचंही आहे. संशयाचा फायदा ताणत नेला तर न्यायच मरतो, निरपराधाला शिक्षा होणं हा जसा अन्याय आहे तसाच गुन्हेगार सुटणं हाही अन्याय आहे, असं त्यात आहे. तिथं सेशन्सनं सोडलेल्यांना हायकोर्टानं शिक्षा दिली होती आणि सुप्रीम कोर्टानं ती टिकवली. तुम्ही लोक अर्धंच का वाचून दाखवता?

माझ्या चुलत भावाच्या खटल्यात साक्षी सुरू व्हायला पाच वर्षं लागली. पाच वर्षांनी माझ्या काकाला विचारलं, 'शर्टाचा रंग कोणता होता?' काका म्हणाला निळा. जबाबात लिहिलं होतं हिरवट. झालं, अर्धा तास त्यावरच उलटतपास. काका बाहेर येऊन पायऱ्यांवर बसला आणि मला म्हणाला, 'मी पोराचं तोंड बघत होतो रे, शर्ट कशाला बघू?' उशीर सरकारचा, तारखा कोर्टाच्या, आणि विसरण्याची किंमत आम्ही मोजायची. यावर बोला.

काळा कोट

काकांबद्दल वाईट वाटलं, दादा. बोबडेबद्दल तुमचं बरोबर आहे, मी तो भाग सांगायला हवा होता. उशिराचंही बरोबर आहे. पण त्या उशिरात आरोपीही बहुतेक वेळा आतच असतो, येरवड्यात. उशिराचं माप त्याच्या पदरात टाकून शिक्षा टिकवायची, असं तुम्हालाही म्हणायचं नसेल.

मुठाकाठ

मी बरीच वर्षं कोर्टात साक्षी टाईप केल्या. दोन्ही बाजूंच्या लक्षात न आलेली एक गोष्ट सांगते.

माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, 'त्यानं असं मागनं कवळलं अन् खचाखच दिलं.' कागदावर येतं, 'आरोपीने मयतास पाठीमागून पकडून धारदार शस्त्राने वार केले.' काकू, कॉलेजचा मुलगा, पानटपरीवाला, सगळ्यांची भाषा कागदावर एकसारखी होते. अपिलाच्या पेपरबुकासाठी, म्हणजे हायकोर्टापुढं जाणाऱ्या कागदांच्या बाडासाठी, मराठी साक्षींचं इंग्रजी होतं, तेव्हा कोयत्याचं 'सिकल' होतं आणि सुऱ्याचं 'नाईफ'. पेठकर, तुमचा कोयता आणि काकूंचा सुरा अंधारात फूटभर लांबीचं तेच पातं असू शकतं. इंग्रजीत ती दोन वेगळी हत्यारं झाली.

पोलिसांचा जबाब तर साक्षीदार स्वतः लिहीतच नाही. त्यावर त्याची सहीही घेत नाहीत, कायद्यानंच मनाई आहे. हवालदाराला जे महत्त्वाचं वाटलं ते उतरतं. मग उलटतपासात हमखास येणारं वाक्य मी हजारदा टाईप केलंय: 'मी ही बाब पोलिसांना सांगितली होती. त्यांनी ती का लिहिली नाही याचे कारण मी सांगू शकत नाही.' पुढचं वाक्यही ठरलेलं: 'हे म्हणणे खरे नाही की मी आज प्रथमच खोटे सांगत आहे.' खरं बोलणारा आणि खोटं बोलणारा, दोघांच्या तोंडी अक्षरशः हीच वाक्यं.

म्हणून मला वाटतं, सेशन्स जज्जांना जे दिसतं ते अपिलात दिसत नाही. साक्षीदार कुठं अडखळला, कुणाकडं बघून गप्प झाला, हे आम्हाला समोर दिसायचं. हायकोर्टाकडं नुसतं बाड जातं. त्या बाडातल्या विसंगतींवर शिक्षा उलटवायला फार जपायला हवं.

काळा कोट

ताई, भाषेचा मुद्दा मी यापुढे विसरणार नाही. पण चेहरा पाहून खरंखोटं कळतं यावर माझा विश्वास नाही. घाबरलेला खरा माणूस अडखळतो आणि सराईत खोटा माणूस घडाघडा बोलतो. जर्मन बेकरी स्फोटाच्या खटल्यात २०१३ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयानं एका आरोपीला फाशी सुनावली, साक्षीदारांना समोर पाहूनच. २०१६ मध्ये हायकोर्टानं बाडच वाचलं आणि स्फोटाच्या कटाच्या आरोपातून त्या माणसाला सोडलं. स्फोटकं आणि बनावट कागदपत्रं बाळगल्याची शिक्षा तेवढी ठेवली. लांबून वाचण्याचाही उपयोग असतो.

सिंहगड रोड

जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करायची मुभा २००९ च्या अखेरीपासून कायद्यात आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मुभाच आहे, सक्ती नाही. ती झाली असती तर पेठकरांनी दिवा सांगितला होता की नाही, हा वादच उरला नसता. आता वरच्या कोर्टात जायचं का, ते आधी ठरवा. आणि हो, कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, पुण्याचे लोक मात्र अजून मुंबईच्याच वाऱ्या करतायत. मयताच्या घरच्यांनी अपिलाच्या किती तारखांना मुंबई गाठली, हेही कुणीतरी विचारा.

पेठकर

एकाच तारखेला गेले. त्याची आई आता चालू शकत नाही.

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नानं चार दिवस झोप नाही. मी हवालदाराला दिव्याचं सांगितलं होतं का? मला पक्कं आठवतं की सांगितलं. तो चटईवर बसून मांडीवर पॅड घेऊन लिहीत होता. मी मेडिकलच्या दिशेनं हात केला आणि त्यानं मान वर केली नाही, हेही आठवतं. पण हात केला म्हणजे सांगितलं का? तोंडानं 'दिवा चालू होता' असं म्हणालो की नुसतं 'तिकडून दिसलं' म्हणालो, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. कोर्टात मात्र मी शपथेवरच सांगितलं.

चेहरा पाहिला, यावर मी आजही ठाम आहे. काकूही आहेत. आम्ही नऊ वर्षांत त्या रात्रीबद्दल एकमेकांशी बोललेलो नाही, मुद्दामच, साक्ष बिघडू नये म्हणून.

मुठाकाठ

पेठकर, घटनास्थळाचा पंचनामा बघितलात का? त्यात उजेडाची नोंद असते. नक्कल मिळते, अर्ज करा.

पेठकर

आज नक्कल हातात आली. दोन पंच, सगळं व्यवस्थित लिहिलंय. पायरीवरचे डाग, चपलेचा एक जोड, विजेच्या खांबापासून अंतर अकरा फूट. मेडिकलचाही उल्लेख आहे, 'पश्चिमेस औषधांचे दुकान, शटर बंद'. पंचनामा सुरू सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे उजाडल्यावर. शटरवरच्या दिव्याबद्दल, तो आहे की नाही याबद्दलसुद्धा, एक अक्षर नाही.

दिवा आजही तिथंच आहे. फोटो काढून त्याच्या आईच्या वकिलांकडे पाठवलाय.