मदत हवी आहे: डेंग्यूबद्दल घरोघर सांगणाऱ्या पोरांना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात आमच्या सेक्टरमधली कॉलेजची पोरं डेंग्यूसाठी घरोघर फिरणार आहेत. उत्साह दांडगा, पण माहिती सगळी व्हॉट्सअ‍ॅपवरची. परवा एकीने शेजारच्या आजींना सांगून टाकलं, "पपईच्या पानांचा रस घ्या, डॉक्टरची गरज नाही." मी तिथेच थांबवलं. दरवेळी मी सोबत थोडीच असणार?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, घरातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो, हे पोरांना पाठ आहे. पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची थाळी आठवड्यातून एकदा नुसती ओतायची नाही, घासायची, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. हेही जमेल. अवघड पुढे आहे. ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त असं सुरू होऊ शकतं. तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठायचं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःहून घ्यायचं नाही. हे घाबरवून न सोडता सांगायचं कसं?

डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २०१७ मध्ये ओपनडब्ल्यूएचओ या आपल्या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर साथरोगांचे मोफत कोर्स सुरू केले होते, पण इंग्रजी आमच्या पोरांना जड जातं. मराठीत असं काही कुणाकडे आहे का? नागरी आरोग्य केंद्रातून कुणी शिकवायला यावं म्हणून पत्र कुणाच्या नावे द्यायचं? आशाताई किंवा नर्स असाल तर जरूर बोला.

आणि हो, सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवा काढा टाकणाऱ्या काकांना न दुखवता आवरायचं कसं, तेही सुचवा!